परग्रहवासी मुक्कामाला आला की

ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला टीव्ही मालिकांची शूटिंगं बाराही महिने चालू असतात. तिथे एखादा नट मधेच मालिका सोडून गेला की लेखकापुढे तीन वाटा उरतात. दुसरा नट आणून उभा करायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात कथा पुढे हाकायची. नाहीतर अपघात, तोंडभर बँडेज आणि प्लास्टिक सर्जरी. तेही नको असेल तर आत्याबाईंच्या तोंडी ‘किती बदललास रे!’ एवढं वाक्य घालून मोकळं व्हायचं.

विज्ञानकथेच्या मालिकेत परग्रहवासीयांची अख्खी जमातच मधे बदलते. वाटा मात्र ह्याच तीन. ‘स्टार ट्रेक’ ह्या अमेरिकन अंतराळमालिकेतल्या क्लिंगॉन जमातीवर तर तिन्ही वापरून झाल्यात. १९६७ साली ते पहिल्यांदा दिसले तेव्हा तोंडाला काळपट रंग, वर चढवलेल्या भुवया आणि मिशा, एवढाच त्यांचा परग्रह होता. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर हाडांचे कंगोरे आले आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ही पहिली वाट. ती १७ वर्षं बिनबोभाट चालली. १९९६ मध्ये मालिकेला ३० वर्षं झाली म्हणून ‘डीप स्पेस नाइन’ ह्या तिच्याच पुढच्या एका मालिकेने १९६७च्या जुन्या भागात आपली पात्रं मिसळून एक भाग केला. आता नव्या मालिकेतला कंगोरेवाला क्लिंगॉन वॉर्फ आणि गुळगुळीत कपाळाचे जुने क्लिंगॉन एकाच ठिकाणी. सहकारी वॉर्फकडे बघतात. तो अवघडून एवढंच म्हणतो की बाहेरच्यांपुढे आम्ही हा विषय काढत नाही. संपलं. ही आत्याबाईंची वाट.

२००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ ह्या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेने दोन भाग खर्चून प्लास्टिक सर्जरीची वाट धरली. माणसांच्या जनुकांत फेरफार करून तयार केलेल्या भ्रूणांवरून क्लिंगॉनांनी स्वतःवर प्रयोग केले, त्यातून साथ पसरली, इलाज सापडला पण त्यात कपाळाचे कंगोरे गेले, असा तो खुलासा. भाग बरे आहेत. तरी वॉर्फचं एक वाक्य ह्या दोन भागांपेक्षा सरस आहे, आणि त्याचं कारण चवीपुरतं नाही. खुलासा केला की त्याला पिल्लं होतात. १९९४ मध्ये साठच्या दशकातले तीन क्लिंगॉन त्याच तीन नटांना घेऊन परत आणले होते, आणि तेव्हा तिघांच्याही कपाळावर कंगोरे होते. म्हणजे आता कंगोरे गेले कसे ह्याच्या जोडीला परत आले कसे, हेही सांगणं आलं. विनोदाने प्रश्न बंद होतो, खुलाशाने दुसरा उघडतो.

पण बदल लपवायचा कसा ही झाली मागाहूनची निस्तरानिस्तर. मुळात बदलावं का लागतं?

लेखनाच्या बाजूने बघितलं तर उत्तर सोपं आहे. एका भागापुरती आलेली जमात एका विशेषणावर निभावते. लोभी, लढाऊ, थंड डोक्याची, कपटी. पाऊण तासात जहाजावर संकट यायचं, टळायचं आणि कप्तानाने दोन शहाणपणाचे शब्द बोलायचे, त्यात परग्रहवासीयाच्या वाट्याला विशेषणापलीकडे काही येत नाही आणि यायची गरजही नसते. पाहुणा आहे, दाराशी चप्पल काढली काय आणि न काढली काय. पण त्याच जमातीतला कोणी मुक्कामाला आला, म्हणजे नेहमीच्या पात्रांत गेला, की वर्षाला २६ भाग त्याला काहीतरी बोलावं लागतं. ‘मी लढाऊ आहे’ हे किती वेळा बोलणार? मग त्याला आई लागते, जेवण लागतं, घरचं भांडण लागतं, लाज वाटावी असं काही लागतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्याच जमातीतला त्याच्याशी न पटणारा दुसरा कोणी लागतो. हे सगळं पहिल्या भागात कुठेच नव्हतं. ते आणताना पहिल्या भागातलं बरंच मोडावं लागतं.

आता मुक्कामाला कोणी यायचं हे कोण ठरवतं? पुष्कळदा मेकअपची खोली. १९६६ मध्ये रोम्युलन आले. टोकदार कानांच्या स्पॉकची जमात व्हल्कन, त्यांचे हे भाऊबंद, त्यामुळे प्रत्येकाला टोकदार कान हवेत. कान चिकटवायला माणूस, वेळ आणि पैसा लागतो. म्हणून त्या भागात दुय्यम रोम्युलनांच्या डोक्यावर कान झाकणारी शिरस्त्राणं घातली. क्लिंगॉनांना फक्त रंग आणि मिशा. पुढे नेहमीचे शत्रू म्हणून क्लिंगॉनच पुन्हा पुन्हा आले ह्यात नवल नाही.

यातली गंमत अशी की कर्तव्य, आब, बरोबरीच्या शत्रूबद्दल आदर हे सगळं १९६६ मध्ये रोम्युलन सेनापतीकडे होतं. क्लिंगॉन तेव्हा धान्यात विष कालवणारे होते. १९८४च्या चित्रपटात क्लिंगॉन सेनापती ‘बर्ड ऑफ प्रे’ जातीच्या जहाजातून आला. हे नाव आधी रोम्युलनांच्या जहाजाचं आणि अदृश्य व्हायची युक्तीही त्यांचीच. जहाज गेलं तसा पुढच्या काही वर्षांत मानही क्लिंगॉनांकडे गेला आणि रोम्युलनांकडे उरलं कारस्थान. हे कोणी बैठक घेऊन ठरवलेलं दिसत नाही. एका जमातीत वॉर्फ मुक्कामाला होता, दुसरीत कोणी नव्हतं, एवढंच.

वॉर्फवर काम कसं झालं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण विशेषणाची संस्था कशी करायची ह्याचा तो वस्तुपाठ आहे. १९८७ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ ही दुसरी ‘स्टार ट्रेक’ मालिका सुरू झाली तेव्हा वॉर्फचं काम म्हणजे दर भागात ‘हल्ला करूया’ म्हणणं आणि कप्तानाने नको म्हणणं. १९९० मध्ये रोनाल्ड मूर ह्या तेव्हा अगदी नव्या लेखकाचा हात लागलेला भाग आला. क्लिंगॉनांचा मूळ ग्रह त्यात पहिल्यांदा दिसला. वॉर्फच्या मेलेल्या बापावर फितुरीचा आरोप आहे. खरा फितूर दुसऱ्याच एका बड्या घराण्यातला. सभेच्या प्रमुखांना हे ठाऊक आहे. पण खरं बाहेर आलं तर ते घराणं उलटेल आणि साम्राज्यात यादवी माजेल. शेवटी वॉर्फ खोटा कलंक स्वतःवर घेतो. सभेतला एकेक जण हात छातीशी आडवे धरून त्याच्याकडे पाठ करतो.

ह्यात काय झालं? ‘मानी’ हे विशेषण होतं, त्याची आता सभा झाली, घराणी झाली, शिक्षेची रीत झाली. आणि मान विकता येतो, गहाण टाकता येतो हेही दिसलं. पुढची दहा वर्षं क्लिंगॉनांच्या ज्या गोष्टी निघाल्या त्या बहुतेक ह्या एका पाठ फिरवण्यातून निघाल्या. जमात घडवताना करायचं ते हेच: विशेषण घ्या आणि विचारा, ते मोडल्यावर फायदा कोणाचा होतो आणि मोडलेलं झाकतो कोण. उत्तर मिळालं की निदान चार भागांचं कथानक हाताशी येतं.

भाषेचंही तसंच. १९७९च्या चित्रपटासाठी जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी याचं काम करणारे जेम्स डूहान यांनी चार-दोन शब्दांचे आवाज ठरवले होते. १९८४ साठी मार्क ओक्रांड ह्या भाषाशास्त्रज्ञाला बोलावलं, त्याने त्या आवाजांना धरून व्याकरण रचलं आणि १९८५ मध्ये शब्दकोश काढला. मराठी माणसाला क्लिंगॉन उच्चार इंग्रजी माणसापेक्षा सोपे जातात. त्यातला ‘ड’ आपल्या ‘ड’सारखा जीभ वर वळवूनच म्हणायचा आणि ‘ष’ पोटफोड्या ‘ष’च्या जवळचा. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘मासा खाल्ला त्याने.’ आपण गप्पांत सर्रास असं बोलतो. चित्रीकरणात नट शब्द चुकला तर ओक्रांड पुष्कळदा भाषाच त्या चुकीला जुळवून घ्यायचा. त्याने ‘असणे’ हे क्रियापद मुद्दाम ठेवलं नव्हतं. १९९१च्या चित्रपटात हॅम्लेटचं सुप्रसिद्ध स्वगत क्लिंगॉनमधून हवं झालं तेव्हा अडचण झाली. शेवटी ‘चालू राहणे’ अशा अर्थाच्या ‘ताख’ ह्या क्रियापदावर भागवलं: ‘ताख पघ ताखबे’. भाषेतली उणीव जमातीच्या स्वभावात कशी मुरते ते इथे दिसतं. नुसतं असणं ही क्लिंगॉनाची कल्पनाच नाही, टिकून राहणं ही आहे. आधी ठरवून हे कोणाला सुचलं नसतं.

फेरेंगींची कथा ह्याहून मजेदार, कारण ती पडझडीतून सुरू होते. १९८७ मध्ये क्लिंगॉन मित्र झाले होते, तेव्हा नवा शत्रू हवा म्हणून फेरेंगी आणले. पहिल्याच भागात कुजबुज सोडून दिली की हे लोक धंद्यातल्या भागीदारांना खातात. मग ऑक्टोबरमध्ये ते प्रत्यक्ष आले. बुटके, प्रचंड कानांचे, हातात विजेचे चाबूक, आणि दगडांवरून माकडासारख्या उड्या मारत. प्रेक्षकांना हसू आलं. बजेट किंवा मेकअप इथे नडलं नाही. चूक साधी होती: लोभी माणसाची भीती वाटायला तो उड्या मारून चालत नाही, तो शांतपणे व्याजाचा दर सांगायला हवा. सोनारापुढे कर्जासाठी बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या भागातल्या फेरेंगींत आर्मिन शिमरमन हा नट होता. पहिल्या प्रवेशाबद्दलची खंत त्याने नंतर मुलाखतींत बोलून दाखवली आहे. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मध्ये तोच क्वार्क झाला: अंतराळस्थानकावरचा बार चालवणारा, म्हणजे पक्का मुक्कामी. शत्रू म्हणून फसलेला लोभ दुकानदार म्हणून चपखल बसला. लेखकांनी त्याला ‘संपादनाचे नियम’ दिले, एकूण २८५. पहिला नियम असा की एकदा घेतलेला पैसा परत करायचा नाही. ३४वा म्हणतो युद्ध धंद्याला चांगलं आणि ३५वा म्हणतो शांतता धंद्याला चांगली. सगळे २८५ कधीच पडद्यावर आले नाहीत, आणि तीच त्यातली हुशारी. लेखकाला प्रसंग अडला की एक आकडा आणि एक म्हण, काम झालं. पण युक्ती म्हणून ती जितकी स्वस्त तितकीच धोक्याची. आकडा एकदा बोलला की तो बोलला. दुसऱ्या लेखकाने दोन वर्षांनी तोच आकडा दुसऱ्या म्हणीला लावला तर पकडणारे प्रेक्षक बसलेलेच असतात.

आता ह्यातला एकच धागा बघा. १९८७च्या त्या फसलेल्या भागात एक फेरेंगी माणसांना हिणवतो: तुम्ही बायकांना बरोबरीने कामाला लावता आणि वर कपडेही घालायला लावता! एक ओंगळ विनोद, तो भाग सरताच विसरून जावा असा. लेखक तो विसरले नाहीत. १९९५ मध्ये क्वार्कची आई इश्का आली. तिच्या ग्रहावर बाईने कपडे घालायचे नाहीत, नफा कमवायचा नाही, आणि ही बाई घरात कपडे घालून बसते आणि चोरून धंदा करते. सरकारी तपासनीस दारात. क्वार्क कायद्याच्या बाजूने, धाकटा रॉम आईच्या. म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या एका शेऱ्यातून अख्ख्या ग्रहाचा कायदा, एका कुटुंबाचं भांडण आणि पुढे सुधारणेची चळवळ निघाली. १९९६ मध्ये रॉमने भावाच्याच बारमध्ये कामगार संघटना काढून संप केला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची फाटकं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांनी तो भाग बघावाच. १९९९ मध्ये हाच रॉम फेरेंगींचा प्रमुख झाला.

ह्यात जुनं काही रद्द केलं नाही, हे बघा. फेरेंगी लोभी होते ते लोभीच राहिले. फक्त लोभाच्या आतच उजवे, डावे, सुधारक, कर्मठ असे तट पाडले. जमात बदलायची सर्वांत कमी खर्चाची आणि टिकाऊ पद्धत हीच.

उलट ट्रिल. १९९१च्या पहिल्या भागात ह्या जमातीच्या कपाळाला फुगीर तुकडा होता, पोटात राहणारा दुसरा जीव, म्हणजे सहजीवी, शरीरावर पूर्ण ताबा ठेवायचा आणि त्याला ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रातून, पाठवणं धोक्याचं होतं. १९९३ मध्ये जॅडझिया डॅक्स मुक्कामाला आली तेव्हा कपाळ सपाट, कडेने ठिपके, ट्रान्सपोर्टर चालतो, आणि दोघांचे स्वभाव एकमेकांत मिसळलेले. खुलासा शून्य. कारणं मात्र स्वच्छ आहेत: रोजच्या नटीचा चेहरा झाकायचा नव्हता, ट्रान्सपोर्टरशिवाय कथा अडते, आणि शरीर नुसतं भाड्याचं घर असेल तर त्या पात्राला तरुणपण कसलं? ठिपके मेकअपप्रमुख मायकेल वेस्टमोर हाताने रंगवायचे. इथे पहिली वाट बरोबरच होती. एका भागाच्या पाहुण्यासाठी सात वर्षांची मालिका बांधून घेण्यात शहाणपणा नव्हता.

आतापर्यंत मुक्कामाने जमात समृद्ध होते असं दिसलं. पण भीतीवर उभ्या असलेल्या जमातींचं गणित उलटं चालतं. त्या बोलायला लागल्या की उतरणीला लागतात.

बोर्ग मे १९८९ मध्ये आले. लेखक मॉरिस हर्ली यांच्या मनात आधी कीटकांची जमात होती, खर्च परवडेना म्हणून यंत्र जोडलेली माणसं झाली. त्या पहिल्या भागात बोर्गांना माणसांशी काही देणंघेणं नाही, त्यांना जहाजाचं तंत्रज्ञान हवंय. ते तुमच्या इंजिनरूममध्ये येतात आणि तुमच्याकडे बघतही नाहीत. हे भयंकर होतं. पण ज्याला तुमच्याशी बोलायचंच नाही त्याच्याबरोबर दुसरा भाग लिहायचा कसा? १९९० मध्ये त्यावर तोड काढली: बोर्ग कप्तान पिकार्डलाच उचलतात आणि आपल्या वतीने बोलायला लावतात. कारण काय दिलं, तर तुमचे समाज अधिकाऱ्याचं ऐकणारे आहेत, तेव्हा बोलायला माणसाचा आवाज बरा. लेखकाची गरज बोर्गांच्याच तोंडी घातली. आणि इथून ‘माणसं सामावून घेणं’ हेच बोर्गांचं मुख्य काम झालं, तंत्रज्ञान मागे पडलं.

हे एकदाच चाललं असतं तर उत्तम. पुढे १९९२ मध्ये ह्यू नावाचा एकटा पडलेला, हळवा बोर्ग आला. १९९६च्या चित्रपटात राणी आली. चित्रपटात खलनायकाने नायकासमोर उभं राहून बोलायला हवं, हे खरं. पण ज्या जमातीला डोकंच नाही म्हणून ती भीतीदायक होती तिला राणी दिली की राणीला मारलं की झालं. १९९७ मध्ये ‘व्हॉएजर’ ह्या मालिकेत सेव्हन ऑफ नाइन ही बोर्ग बाई कायमची राहायला आली आणि बोर्गांनाच मारणारी, संगणकावर काढलेली तीन पायांची नवी जमात आणावी लागली. सेव्हन हे पात्र अप्रतिम आहे. बोर्ग मात्र तोवर नात्यातले होऊन गेले होते.

‘डॉक्टर हू’ ह्या ब्रिटिश मालिकेतल्या डॅलेकांनी, म्हणजे धातूच्या कवचात बसलेल्या जमातीने, हाच प्रश्न जरा चतुराईने सोडवला. १९६३च्या पहिल्या कथेत ते शहराच्या धातूच्या फरशीतून वीज घेत, म्हणून शहराबाहेर पडू शकत नव्हते, आणि शेवटी वीज गेल्यावर सगळे मेले. लोकांना ते इतके आवडले की पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हवे झाले. विजेसाठी पाठीवर एक तबकडी लावली. मेल्याचं काय? डॉक्टरने एका वाक्यात सांगितलं की ते सगळं लाखो वर्षांनंतर घडणार आहे, हे त्याच्या आधीचे डॅलेक. काळात फिरणारा नायक असण्याचा हा घसघशीत फायदा. तरी एक अडचण उरली: त्या एकसुरी यांत्रिक आवाजात तीन वाक्यांपेक्षा लांब संवाद ऐकवत नाही. १९७५ मध्ये टेरी नेशन यांनी डॅव्हरॉस हा त्यांचा निर्माता आणला. तो युक्तिवाद करतो, लालूच दाखवतो, चिडतो. डॅलेक आपले तेच, ‘ठार करा’. जमातीला बदलायच्या ऐवजी तिच्या शेजारी बोलणारा माणूस बसवला आणि जमात होती तशी राखली. बोर्गांच्या राणीपेक्षा ही रचना पक्की, कारण डॅव्हरॉस मेला तरी डॅलेक उरतात. पहिल्या कथेत त्यांच्या पूर्वजांना ‘डॅल’ म्हटलं होतं, आता ‘कॅलेड’ झाले. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१० मध्ये मात्र त्यांना थोराड बांधा आणि पाच रंग दिले, ते लोकांनी असे मनावर घेतले की दोनच वर्षांत जुने तांबूस डॅलेक परत पुढे आले.

कमजोरी हा वेगळा सापळा. त्याच मालिकेत १९७५ मध्ये सायबरमॅनांना, म्हणजे यंत्र बनलेल्या माणसांना, सोन्याचं वावडं दिलं. कारण होतं: सोन्याची भुकटी त्यांच्या श्वसनयंत्रणेत अडकते. १९८८ पर्यंत गलोलीने सोन्याची नाणी मारली तरी ते पडू लागले. म्हणजे ठाण्याच्या गावदेवी बाजारातलं कोणीही गळ्यातली चेन काढून परग्रहाचं आक्रमण परतवू शकलं असतं. कमजोरी देताना ती कशी काम करते ते लिहिलं होतं, किती प्रमाणात आणि कुठून हे लिहिलं नव्हतं. वहीत हे लिहायलाच हवं, नाहीतर प्रत्येक पुढचा लेखक ती थोडी सैल करतो.

आधीपासून ठरवून केलेला बदल विरळा. ‘बॅबिलॉन ५’ ह्या अंतराळमालिकेत ११० पैकी ९२ भाग जे. मायकेल स्ट्रझिन्स्की या एकट्याने लिहिले, म्हणून तिथे जमलं. मिनबारी जमातीची राजदूत डेलेन १९९३च्या पहिल्या चित्रपटात पुरुषी वळणाच्या मेकअपमध्ये आहे. मूळ बेत असा की ती पुरुष म्हणून दिसेल आणि पुढे बाई होईल. नटीचा आवाज यंत्राने पुरुषी करायचा होता, तो काही पटण्यासारखा होईना. बेत सोडला, पण बदलाचा सांगाडा ठेवला: दुसऱ्या हंगामात ती कोशातून बाहेर येते ती अर्धी माणूस होऊन, डोक्यावर केस घेऊन. एक तांत्रिक गोष्ट फसली तर कथा मोडू नये एवढी जागा बेतात ठेवली होती.

मेकअपबद्दल थोडं, कारण एकांकिका किंवा वेबसिरीजसाठी परग्रहवासी करू बघणारे ठाण्यात आहेत. फोम लेटेक्सचा तुकडा म्हणजे लेटेक्समध्ये फेस आणणारं, घट्ट करणारं द्रव्य मिसळून मिक्सरवर फेटायचं, नटाच्या चेहऱ्याच्या साच्यावर ओतायचं आणि भट्टीत साधारण ८५ अंशांना काही तास भाजायचं. त्याच्या कडा कागदाहून पातळ असतात म्हणून त्वचेत मिसळतात, आणि म्हणूनच काढताना फाटतात. तुकडा एकदाच वापरायचा. दर दिवसाला नवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ठाण्याच्या दमट हवेत घाम तुकड्याखाली साठतो आणि कडा सुटतात. आधी सुटतात त्या ओठांच्या कोपऱ्याशी आणि नाकपुडीशी, कारण बोलताना तिथेच हालचाल जास्त. इतक्या परग्रहवासीयांना नुसतं कपाळ आणि नाक का असतं ह्याचं उत्तर इथे मिळतं. तोंड मोकळं ठेवायचं. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने क्लिंगॉनांचं पूर्ण डोकं झाकलं, केस काढले, नवे दात बसवले आणि वर लांबलचक क्लिंगॉन संवाद दिले. संवाद संथ झाले, चेहरा हलेना, तक्रारी आल्या. दुसऱ्या हंगामात युद्धासाठी डोकं भादरतात असं सांगून केस परत आणले, आणि २०२३ पर्यंत ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये जुनं, ओळखीचं कपाळ दिसू लागलं.

कमी पैशांत करायचं असेल तर डिंक लावण्याआधी आदल्या दिवशी नटाच्या कोपराच्या आत तो आणि लेटेक्स थोडं लावून २४ तास बघा. लेटेक्सने पुरळ येणारे निघतात. आणि नाट्यगृहात प्रयोग असेल तर कपाळाच्या नादीच लागू नका. ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात मागच्या रांगांना कंगोरे दिसत नाहीत, चाल दिसते, खांद्यांचा आकार दिसतो. ईव्हीए फोमच्या शीटचे खांदे आणि मान न वळवता अंग वळवायची सवय, एवढ्यात परग्रहवासी उभा राहतो, आणि पुढच्या प्रयोगाला नट बदलला तरी अडत नाही.

शेवटी वही. मालिकेच्या लेखकांकडे जमातींची वही असतेच, पण तिच्यात बहुतेक वेळा ‘माहिती’ असा एकच रकाना असतो. तो दोनात फाडा: एकीकडे कॅमेऱ्याने दाखवलेलं, दुसरीकडे कोणीतरी बोललेलं, आणि बोललेल्यापुढे कोण बोललं, त्याला कुठून कळलं. दाखवलेलं मागे घेता येत नाही. ट्रिलचं कपाळ सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून गप्प बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोललेलं मात्र ऐकीव असतं, चुकीचं असतं, खोटंही असतं, आणि दहा वर्षांनी तिथूनच मान सोडवून घेता येते. फेरेंगी भागीदारांना खातात ही कुजबुज ज्या कप्तानाच्या तोंडी घातली होती, त्याने तोवर एकाही फेरेंगीचं तोंड पाहिलेलं नव्हतं.